दगडावर नाव शोधू नका, आधी जमीन शोधा

खानापूर, चंदगड आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत खापरपणजोबाची समाधी शोधायला आलेला माणूस आधी गावच्या स्मशानात जातो. तिथे पत्र्याची शेड असते, काँक्रीटचा चौथरा असतो आणि दोन-तीन पिढ्यांपलीकडचं काही नसतं. मग तो परत जातो आणि घरी सांगतो की सगळं नाहीसं झालं. बहुतेक वेळा ते नाहीसं झालेलं नसतं, शोधणारा चुकीच्या जागी गेलेला असतो. या पट्ट्यात जुनी समाधी घराण्याच्या स्वतःच्या शेतात, बांधाच्या कडेला, ओढ्याकाठी किंवा जुन्या गावठाणाच्या वेशीबाहेर असते. दगडावर नाव क्वचितच असतं. म्हणून सुरुवात अक्षरांपासून करायची नाही, जमिनीपासून करायची.

त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. प्रत्येक पूर्वजाची समाधी असतेच असं नाही. मराठा, कुणबी घरांत बहुतेकांचं दहनच झालं, रक्षा मलप्रभेत, घटप्रभेत किंवा जवळच्या ओढ्यात गेली आणि वर काही बांधलं गेलं नाही. समाधी मिळण्याची शक्यता असते ती काही ठरावीक माणसांची: गाव वसवणारा मूळपुरुष, लढाईत किंवा शिकारीत पडलेला, वतनदार पाटील-देसाई, गोसावी, नाथपंथी, संन्यास घेतलेला, आणि काही घरांत लहानपणी गेलेली मुलं. लिंगायत घरांत सगळ्यांनाच बसवून पुरायची रीत असल्याने तिथे शक्यता खूपच जास्त. जैन घराण्यांत सल्लेखना घेतलेल्यांच्या, म्हणजे उपवासाने देह ठेवलेल्यांच्या, निषिधी (स्मारकशिळा) असतात. मुसलमान आणि ख्रिस्ती घरांचा शोध वेगळ्या वाटेने जातो, त्यातली ख्रिस्ती घरांची वाट खाली येईल. सात पिढ्यांची वंशावळ हातात असली तर एक किंवा दोन जागा सापडणं हे चांगलं यश मानावं.

घरातून सुरुवात करताना देवघरातले टाक मोजा. देवांचे कोणते आणि पूर्वजांचे कोणते, हे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. तिच्या सासूने तिला जे सांगितलं ते पुरुषांना बहुधा ठाऊक नसतं. पूर्वजाचा वेगळा टाक म्हणजे त्याच्या नावाने कुठेतरी जागाही असण्याची दाट शक्यता. मग म्हाळाच्या दिवशी नैवेद्य कुठे कुठे जातो ते विचारा. घरात, गाईला, कावळ्याला हे सगळीकडे असतं. पण "एक पान वरच्या शेतातल्या दगडाला" असं कुणी म्हणालं तर तो दगड तुमचा पहिला पत्ता. दुसऱ्या गावात दिलेल्या आत्यांना, आजीच्या बहिणींना जरूर विचारा. त्या गाव सोडून गेल्या तेव्हाचं गाव त्यांच्या डोक्यात तसंच राहिलेलं असतं, नंतर झालेल्या वाटण्या आणि बुलडोझरने केलेलं सपाटीकरण त्यांच्या आठवणीत मिसळलेलं नसतं.

गावात गुरवाला विचारायचं ते समाधीबद्दल नाही, मानपानाबद्दल. रवळनाथ, सातेरी, माउली, भावेश्वरी अशा ग्रामदेवतेच्या यात्रेत कोणत्या भावकीचा मान पहिला, कोणाचा दुसरा, हे त्याला तोंडपाठ असतं. तो क्रम म्हणजे गावात कोण आधी आलं त्याचा क्रम. तुमची भावकी मागून आलेली असेल तर मूळपुरुषाची समाधी या गावात शोधून उपयोग नाही, ती मागच्या गावात आहे. दोन-दोन उन्हाळे एकाच गावात शोधत राहणारी माणसं इथेच अडकलेली असतात.

मागचं गाव कोणतं, हे सांगणारे लोक आपल्याकडे आहेत आणि त्यांचा उपयोग फार कमी जण करून घेतात. हेळवी. सुगीनंतर बैल घेऊन दारात येणारा, घराण्याची नावं म्हणून दाखवणारा आणि धान्य-पैसे घेऊन जाणारा हेळवी हा पिढीजात वंशावळ राखणारा माणूस आहे. मूळ गाव, कुठून कुठे स्थलांतर, किती भाऊ, कोणता भाऊ कुठे राहिला, अशा नोंदी त्यांच्या चोपड्यांत असतात. काही घराण्यांकडे ताम्रपटही आहेत. प्रत्येक हेळव्याची गावं आणि घराणी वाटलेली असतात, म्हणून कोणताही हेळवी चालत नाही, तुमच्या भावकीचाच लागतो. तुमच्या घरी तो येणं बंद झालं असेल तर गावाकडच्या थोरल्या पातीच्या घरी विचारा, तिथे तो अजून येत असतो. त्याच्यासमोर बसताना त्याला आधी म्हणू द्या आणि ऐकून घ्या. मध्येच "आमचे पणजोबा अमुक" असं सांगितलंत तर तो तुमच्या सांगण्याला जुळवून घेण्याची शक्यता असते, आणि मग नोंद कोणती व तुमची माहिती कोणती हे वेगळं करता येत नाही. परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा, चोपडीच्या पानाचा फोटो मागा, आणि त्याचा हक्काचा मोबदला मोकळ्या हाताने द्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही पाहाव्यात. तिथे यात्रेला गेलेल्या पूर्वजाने आपल्या आणि बापाच्या, आज्याच्या नावाची नोंद केलेली असते, आणि गावाचं नाव तिथे त्या काळचं मिळतं.

आता जमीन. हा सगळ्यात कष्टाचा आणि सगळ्यात खात्रीचा भाग आहे.

कर्नाटकच्या बाजूला आजचा उतारा ‘भूमी’ या सरकारी जमीन-नोंदींच्या संगणकात कन्नडमध्ये मिळतो. तिथून मागे जायचं ते फेरफारांच्या साखळीने: आजच्या मालकाला जमीन कशी आली, वारसाने की खरेदीने, त्या फेरफाराचा नंबर काय, त्याआधी कोणाच्या नावावर होती. मुंबई इलाख्यात हक्कपत्रक १९०३ च्या कायद्याने सुरू झालं, तेव्हा ही साखळी नीट ओढली तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचता येतं. त्यामागे पहिल्या मोजणीची कागदपत्रं येतात, आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि आकारणी) आणि टिपण (नंबराचा मापांसह काढलेला कच्चा आराखडा). ती भूमापन कार्यालयात मागायची, फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला तर काम लवकर होतं, हे व्यवहाराचं सांगणं आहे. अर्जात गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्ष हवंच. "आमच्या घराण्याची सर्व कागदपत्रं" असा अर्ज कुठल्याही कार्यालयात निकामी ठरतो.

वर्षांच्या बाबतीत १ नोव्हेंबर १९५६ ही रेघ लक्षात ठेवा. त्या दिवशी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड वगळलं जाऊन कोल्हापूर जिल्ह्यात राहिलं. म्हणजे चंदगडच्या गावाची १९५६ च्या आधीची कागदपत्रं बेळगाव जिल्ह्याची म्हणून नोंदलेली असतात, आणि कोल्हापुरात चौकशी करणारा रिकाम्या हाताने परततो. उलट रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, बेळगावचं शहापूर सांगली संस्थानात. त्या गावांचे कागद ब्रिटिश दप्तरात शोधण्यात अर्थ नाही. खानापूर तालुका जुन्या कागदांत बिडी तालुका म्हणून येतो. सूचीत "खानापूर" शोधून काही सापडलं नाही तर "बिडी" शोधा. इनाम किंवा वतन असलेल्या घराण्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तरात इनाम कमिशनची कागदपत्रंही पाहावीत. १८५२ च्या कायद्यानंतर वतनदारांना हक्क सिद्ध करण्यासाठी कैफियती आणि वंशावळी द्याव्या लागल्या, त्यांत कोण कधी वारला याचा उल्लेख येतो.

जुन्या कागदात आडनाव शोधू नका. तिथे "रामा बिन येसू" असं असतं, बिन म्हणजे मुलगा, आणि बाईच्या नावापुढे "कोम" म्हणजे बायको. आडनावाच्या जागी पाटील, गावडा, देसाई असा हुद्दा असतो. एकाच गावात तीन रामा बिन येसू निघाले तर त्यांना वेगळं करणारी एकच गोष्ट असते, सर्व्हे नंबर. म्हणूनच जमीन आधी.

लिपी मोडी. स्वतः शिकणं उत्तम. महाराष्ट्राचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं. नाही जमलं तर जाणकाराकडून वाचून घ्या, पण देताना पूर्ण पानाचा फोटो द्या, कापलेल्या चार ओळींचा नाही. मोडीत शब्द न तोडता सलग ओढलेले असतात, त्याच हाताची बाकीची अक्षरं पाहिल्याशिवाय वाचणाऱ्याला नाव लावता येत नाही. तारखा शुहूर सनात (जुन्या दप्तरांतलं, अरबी अंकनावांत लिहिलेलं वर्ष) असतील तर इसवी सनासाठी मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. "अर्बा सबैन मया व अलफ" म्हणजे चार, सत्तर, शंभर, हजार: ११७४, म्हणून इसवी सन १७७३-७४. फसलीला ५९० किंवा ५९१, शकाला ७८ किंवा ७९. एका वर्षाचा घोळ इथे नेहमी होतो, म्हणून महिना वाचल्याशिवाय इसवी सन लिहू नये.

टिपण हाती आलं की त्यातली मापं साखळी आणि आण्यांत असतात. साखळी ३३ फुटांची, आणे १६, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. टिपणात एखादा कोपरा ६ साखळ्या ४ आण्यांवर असेल तर तो २०६ फूट ३ इंचांवर. ३३ फूट लांब-रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. गावनकाशा बहुधा मैलाला आठ इंच या प्रमाणात असतो, नकाशावरचा एक इंच म्हणजे २० साखळ्या, ६६० फूट. झेरॉक्स काढताना कागद लहान-मोठा झाला तर हे प्रमाण बिघडतं, तेव्हा नकाशावरच्या एखाद्या ओळखीच्या बांधाची लांबी आधी जमिनीवर मोजून ताडून घ्या. सुट्या समाधीची नोंद टिपणात सहसा मिळत नाही. पण सर्व्हे नंबरात "खराब" म्हणून वगळलेलं क्षेत्र पाहा. त्याचे दोन प्रकार: पिकाला निकामी ते अ, सार्वजनिक वापराचं ते ब. रस्ता, ओढा आणि दफनभूमी ब मध्ये येतात. एखाद्या आडबाजूच्या नंबरात ना रस्ता, ना ओढा, तरीही चार-दोन गुंठे ब खराब दिसलं तर तिथे जाऊन बघायलाच हवं.

शेतांची नावं हा कागदावर नसलेला नकाशा. "थडग्याची पट्टी", "समाधीचा माळ", "गोसाव्याचं शेत", "वीराचा बांध" अशी नावं उताऱ्यात नसतात, बोलण्यात असतात. आसपासच्या चार शेतकऱ्यांना "या शेताला काय म्हणता?" एवढंच विचारा. मात्र हाडकी, हाडोळा हे महार वतनाच्या जमिनीचे शब्द आहेत. त्यांवरून तिथे दफनभूमी होती असं धरू नये.

मृत्यूची नोंद पाटलाकडच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, गावनमुना १४ मध्ये मिळू शकते. तिथे नाव, वय, कारण असतं, जागा नसते. पण कारण महत्त्वाचं आहे. प्लेगच्या वर्षांत लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत, आणि तिथे गेलेल्यांना तिथेच मूठमाती मिळाली. पटकी, देवी, १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांतल्या मृतांचंही तसंच. अशा पूर्वजाची जागा घराण्याच्या शेतात शोधण्याऐवजी गाव कोणत्या माळावर उठून गेलं होतं ते विचारावं.

डोंगरात जायचा काळ संक्रांतीनंतर ते मार्चअखेर. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत गवत कंबरेएवढं असतं, खाली दगड आहे की खड्डा हे दिसत नाही. कणकुंबी, आमगाव, जांबोटीकडे पाऊस इतका पडतो की डिसेंबरातही दगडावर शेवाळ ओलं असतं. मार्चनंतर वणव्याचा धोका. या सगळ्या काळात गोचिडांचाही त्रास असतो, आणि शेजारच्या सत्तरी-दोडामार्ग भागात माकडताप आढळलेला आहे. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, अंगाला गोचीड-प्रतिबंधक तेल आणि परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे लगेच धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. गवे आणि अस्वलं आहेत, म्हणून एकटं नाही आणि पहाटे-संध्याकाळी नाही. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. त्याच्या हद्दीत गवाळी, कोंगळा, पास्तोली, देगाव, तळेवाडी अशी गावं आहेत, तिथे जायचं तर रेंज ऑफिसची लेखी परवानगी आणि गावातला माणूस सोबत, दोन्ही हवं. गवळीवाडे तर चराईप्रमाणे जागा बदलत गेले. त्यांच्या पूर्वजांचा शोध आजच्या वाड्यावर न करता आधीच्या वाड्याच्या जागी करायचा: चुलीचे दगड, आंब्या-फणसाची एकदम जुनी झाडं, पाण्याचा झरा.

सोबत घ्या: ३० मीटरचा टेप, होकायंत्र, लहान कोयता (वाटेवरच्या काट्यांपुरता), बांबूची काडी, मऊ ब्रश, दोन लिटर स्वच्छ पाणी, फूटभराचा आरसा, वही. मोबाईलचं ठिकाण दाट झाडीत दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे होतं. दोन मिनिटं थांबून घ्या आणि ठळक खुणेपासूनचं अंतर टेपने मोजून लिहा.

जागेवर पोचलात की दगडाला हात लावण्याआधी दिशा पाहा. उत्तर-दक्षिण लांबीची कबर, वर कण्यासारखा उंचवटा असेल तर मुसलमान पुरुषाची, सपाट पाटी असेल तर बाईची, असा जुना संकेत आहे. ख्रिस्ती कबरी बहुधा पूर्व-पश्चिम असतात. लिंगायत समाधी चौकोनी, कारण माणूस बसलेला असतो, आणि वर लिंग व नंदी. गोसाव्याची समाधीही चौकोनी, वर पादुका किंवा लहान लिंग. साध्या शेतकरी घराण्याची असेल तर तीन-चार फूट औरस-चौरस रचलेले चिरे, मध्ये तुळस किंवा एक उभा दगड. नुसता दगडांचा लांबट ढीग असेल तर तो कोल्ह्या-तरसांनी उकरू नये म्हणून घातलेला. देवचाफा, जुनी तुळस, एकाकी वड किंवा पिंपळ या झाडांच्या बुंध्याशी आधी बघा. नंदगडला १८३१ साली फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीची खूण म्हणून वडच सांगितला जातो. साध्या माणसांच्या समाध्यांवरही अशीच झाडं आहेत, फक्त त्यांचं नाव कोणी घेत नाही. झाड मात्र समाधी फोडतं. मुळांनी चिरे पाच-सहा फूट दूर ढकललेले असतात, म्हणून चौकोन मोडलेला दिसला तरी सोडून देऊ नका.

दगडाची जातही बोलते. खानापूरच्या पश्चिमेला जांभा. त्यावर अक्षर टिकत नाही, म्हणून तिथे कोरा दगड म्हणजे खोडलेला लेख असं समजू नये, लेख कधीच नव्हता. निपाणी-चिकोडीकडे काळा दगड, त्यावर कोरीवकाम शेकडो वर्षं राहतं. जांभ्याच्या गावात एकच काळा दगड उभा असेल तर तो मुद्दाम बाहेरून आणलेला आहे, म्हणजे कुणातरी मोठ्या माणसाचा.

आणि तिथेच लोक फसतात. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड, दिसली की ती आपल्या मूळपुरुषाची वाटते. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा आणि सूर्य-चंद्र. या भागातल्या अनेक वीरगळी कदंब आणि यादवांच्या काळातल्या आहेत, त्यांवरचा लेख असला तर जुन्या कन्नडमध्ये असतो. तीनशे वर्षांपूर्वी आलेल्या घराण्याचा त्यांच्याशी संबंध कागदाने जोडता येत नाही. घराण्याने तिची पूजा करणं सुंदर आहे आणि चालू राहावं, पण वंशावळीत तिला नाव देणं चूक. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. गधेगाळ म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड, समाधी नाही. वनखात्याच्या हद्दीवर रचलेले दगडांचे ढीग ओळीत, ठरावीक अंतरावर आणि कधी नंबर घातलेले असतात. त्यांनाही लोक थडगी समजून नारळ फोडून येतात. मोजणीचे दगड बांधाच्या कोपऱ्यावर असतात, टिपणाशी ताडले की लगेच कळतं.

अक्षर असेल तर ते वाचण्यासाठी प्रकाश तिरपा हवा. सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर, आणि दुपारी आरशाने बाजूने उजेड पाडून. खडू, हळद, भस्म, पीठ चोळू नका: कण छिद्रांत बसतात, पावसात शेवाळाला खाद्य होतात आणि पुढच्या माणसाला चुकीचं अक्षर दाखवतात. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर कधीच नाही. पाणी शिंपडून पाच मिनिटं थांबा, मऊ ब्रशने वरून खाली. अक्षराच्या खाचेतली माती बांबूच्या काडीने. दगडफूल निघत नसेल तर राहू द्या, ओढलं की दगडाचा पापुद्रा त्याच्यासोबत येतो. शेंदूर चढलेला दगड हा पूजेतला दगड आहे, त्याचा थर खरवडणं तुमच्या हक्कात बसत नाही. फोटो सर्व बाजूंनी, एकात टेप ठेवून, एक दूरून आसपासच्या झाडाबांधासह. खणायचं नाही. अंगठ्याएवढंही नाही. दफनाच्या जागेची विटंबना भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे गाव पुन्हा कधी दार उघडत नाही.

शेताचा आजचा मालक वेगळा असण्याची शक्यता फार मोठी. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून कुळांच्या जमिनी सरकारजमा होऊन फॉर्म ७ (मालकीहक्काचा अर्ज) भरलेल्या कुळांना मिळाल्या. महाराष्ट्राच्या बाजूला, चंदगडात, कुळांना मालक ठरवणारा १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन. म्हणजे जुन्या मालकाचा पणतू शेतात उभा राहिला की आजच्या शेतकऱ्याला पहिली शंका येते ती जमिनीची. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा: "दादा, जमिनीसाठी आलो नाही, आज्याच्या समाधीला नमस्कार करायला आलोय." कागदांची पिशवी गाडीत ठेवा. मोजमाप त्याच्या परवानगीने आणि त्याच्यासमोर. कन्नड बोलणारं घर असेल तर कन्नड येणारा माणूस न्या, निदान नमस्कार आणि चौकशी त्यांच्या भाषेत होऊ द्या. कित्येकदा असं दिसतं की त्याच कुटुंबाने दर अमावास्येला तिथे दिवा लावलेला असतो, कुणाची समाधी हे ठाऊक नसताना. त्यांचा मान तुमच्यापेक्षा आधी. फॉर्म ७ च्या फायलीत साक्षीदारांचे जबाबही असतात, त्यांत कधी कधी शेतातल्या समाधीचा उल्लेख निघतो. पण ती फाईल त्या घराला सांगूनच मागवा.

ख्रिस्ती घरांसाठी चर्चची मृत्यूवही. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली वेगळा झाला, त्याआधी खानापूर-नंदगडकडचा भाग गोव्याशी जोडलेला होता, म्हणून जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये भेटतात. तिथल्या लहान दफनभूमीत काही वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरतात, तेव्हा नोंद मिळाली तरी स्वतंत्र कबर मिळेलच असं नाही. धरणाखाली गेलेल्या गावांची, सुपा किंवा हिडकल, गोष्ट वेगळी. हिडकलचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलमंदिर वर येतं, तसे काठावरचे काही चौथरेही दिसू शकतात. पण गाळात पाय रुततो, स्थानिक कोळ्याला घेतल्याशिवाय उतरू नये.

एवढं झाल्यावर निर्णय. तीन बाजू जुळल्या तर समाधी आपली म्हणावी: जमीन त्या काळात आपल्या घराण्याची होती हे कागदावर, नैवेद्य किंवा दिवा त्या दगडाला जायचा हे दोन वेगवेगळ्या घरांच्या तोंडून, आणि दगडाची घडण त्या काळाशी विसंगत नाही. दोन जुळल्या तर "बहुधा" लिहा. एकच जुळली तर वहीत ठेवा, वंशावळीत नको. चुकीचं नाव एकदा संगमरवरावर कोरलं की पुढच्या पिढ्यांना तेच खरं वाटतं.

संगमरवराचं निघालंच आहे तर: टाईल्स, ग्रिल, सिमेंटचा चौथरा घालू नका. सिमेंट पाणी आत अडवतं आणि जांभा आतून भुसभुशीत होतो. निसटलेले चिरे मालकाच्या संमतीने जागच्या जागी कोरडे रचा, पिंपळाचं रोप लहान असतानाच मुळाशी कापा, पाणी वाहून जायला समाधीच्या जागेबाहेर, वरच्या अंगाला हातभर चर काढा. वीरगळ किंवा जुनी मूर्ती गावातून हलवू नका, शंभर वर्षांपलीकडच्या शिल्पाला पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा लागतो.

नोंद एका पानावर करा: गावाचं नाव मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत, तालुका जुना आणि नवा, सर्व्हे व हिस्सा नंबर, अक्षांश-रेखांश, दोन पक्क्या खुणांपासून फुटांत अंतर, दिशा, दगडाची जात, मापं, कोणी काय सांगितलं आणि कधी, आणि तीन बाजूंपैकी कोणत्या जुळल्या. एक प्रत भावकीत, एक शेताच्या मालकाला, एक गुरवाकडे. आणि पुढच्या सुगीला हेळवी आला की त्याच्यासमोर ते पान वाचून दाखवा आणि चोपडीत त्या नावापुढे गाव व सर्व्हे नंबर लिहायला सांगा.